ठोकळ्यांचा कॅमेरा आणि सोनीबाईचे डोळे

राजुरीच्या पेठेत गोकुळभाऊंचा फोटो स्टुडिओ अजून आहे, पण तिथे आता फोटोंपेक्षा झेरॉक्स जास्त निघतात. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्टचे फोटो त्यांच्या पत्नी साधनाताई बघतात. एके काळी नवरा-नवरीच्या मागे लावायचा रंगवलेला पडदा, ज्यावर तळं आहे आणि दोन बदकं आहेत, तो गुंडाळून कोपऱ्यात उभा आहे. त्याच्या शेजारी टेबल-खुर्ची टाकून गोकुळभाऊ बसतात.

दिवाळीच्या आधी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. बोलणं सावरलं, चालणं सावरलं. उजव्या हाताची बोटं मात्र रुसल्यासारखी राहिली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, बारीक कामं करा, मणी ओवा, शेंगा सोला. गोकुळभाऊंनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या शेंगा सोलल्या आणि मग कंटाळले. तेव्हा पुण्याला असणाऱ्या त्यांच्या सुनेने, वृषालीने, एक खोका आणून टेबलावर ठेवला. खोक्यावर जुन्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. आत प्लास्टिकचे ठोकळे: काळे, तपकिरी, चांदीच्या रंगाचे, काही तर तांदळाच्या कणीएवढे.

“बाबा, हे जोडून कॅमेरा करायचा. तुमचा पहिला असाच होता ना, दोन भिंगांचा?”

“व्हय,” गोकुळभाऊ म्हणाले. “वरून खाली बघायचा.”

तो कॅमेरा त्यांनी जुन्या वस्तू गोळा करणाऱ्या एका माणसाला देऊन टाकला होता आणि पुढे कितीदा तरी हळहळले होते. वृषालीने ते लक्षात ठेवलं होतं.

साधनाताईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. “चांगलंय. सासऱ्याला खेळणी आणणारी सून आमच्या भावकीत पयलीच.”

खोक्यात जाड पुस्तिका होती. तिच्यात एकही शब्द नव्हता, नुसती चित्रं. या पानावर एवढे ठोकळे घ्या, इथे बसवा. पुढच्या पानावर तेवढे घ्या, तिथे बसवा. गोकुळभाऊंना ही पद्धत आवडली. ठोकळा नीट बसला की बोटाला कळायचं, आणि बोटाला कळतंय याचाच त्यांना आनंद व्हायचा. पहिले काही दिवस ठोकळे निसटून जमिनीवर जायचे. साधनाताई केर काढताना ते शोधून टेबलावर ठेवायच्या. “हा घ्या तुमचा दात,” असं म्हणायच्या.

एकदा तर मागचं दार बसेना. कॅमेऱ्याचं अर्धं अंग उभं राहिलं होतं, चारही भिंती सरळ दिसत होत्या, पण दार लागत नव्हतं. पानं मागे उलटत गेल्यावर कळलं की अगदी तळाची एक काळी पट्टी एक घर सरकून बसली होती. तिच्यावरचं सगळं तिच्या मापाने नीट बसत गेलं होतं, म्हणून इतके दिवस काही जाणवलं नव्हतं. त्यांनी नखाने एकेक ठोकळा सुटा केला आणि पुन्हा तळापासून सुरुवात केली.

फोटो काढायचं काम गोकुळभाऊ शिकले ते नारायणगावच्या चांगदेव मास्तरांकडे. घरी शेती होती, पण थोडी, आणि भाऊ तिघं. लग्नसराईत मास्तरांच्या स्कूटरवर मागे बसून, फ्लॅशची बॅटरी मांडीवर घेऊन, ते जुन्नर आणि आंबेगावच्या कितीतरी मांडवांतून फिरले. पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला. लोणीपासून ओतूरपर्यंत त्यांना बोलावणं असे. माणूस गोड बोलणारा. चिडलेल्या मामालाही हसवून फोटोत उभा करणारा. अजूनही या भागातल्या कितीतरी घरांत भिंतीवरच्या फोटोखाली बारीक अक्षरांत त्यांच्या स्टुडिओचं नाव आहे.

लग्नातली एक युक्ती मास्तरांनी त्यांना पहिल्याच हंगामात शिकवली होती. रोल छत्तीस फोटोंचा. त्यात विधी, मामा, वऱ्हाड, आहेर, सगळं बसवायचं. पण अक्षता पडल्या की जो तो स्टेजवर चढतो. नाही म्हणावं तर पाहुणा दुखावतो. अशा वेळी फ्लॅशच्या पाठीला एक बारीक बटण असतं, ते दाबायचं. लख्ख उजेड पडतो, रोल जागचा हलत नाही. माणूस खुशीत खाली उतरतो. आल्बममध्ये आपण का नाही, हे विचारायला सहसा कोणी येत नाही. या युक्तीला मास्तर रिकामा फ्लॅश म्हणत. गोकुळभाऊंना त्यात कधी खोटेपणा वाटला नव्हता. वाटली ती हुशारी. कोणासाठी रोल खर्चायचा आणि कोणासाठी नाही, हे ते माणूस स्टेजच्या पायऱ्या चढत असतानाच ठरवत. बहुतेक वेळा पायांत काय आहे ते बघून.

माघात एका सकाळी गेणभाऊ स्टुडिओत आले. गेणभाऊ डोंगराकडचे, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. तिकडे भात आणि नाचणी. पण तरणेपणी ते आणि त्यांची बायको सोनीबाई बरीच वर्षं बोरी बुद्रुकला रखमाजीनानांच्या मळ्यात राखणीला होते, त्यामुळे इकडची पेठ त्यांच्या ओळखीची.

“राम राम, गोकुळभाऊ. वळखलं का?”

“वळखलं की. बसा, गेणभाऊ.”

गेणभाऊंनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून आधार कार्ड. “आमची मंडळी गेली गेल्या फाल्गुनात. वर्षश्राद्ध आलंय. ह्याच्यावरचा फोटू मोठा करून द्या. भिताडाला लावायचाय.”

साधनाताईंनी कार्ड हातात घेतलं. नखाएवढ्या फोटोत एक सावळी बाई होती. ओठ घट्ट मिटलेले, कपाळाला आठ्या, आणि डोळे इतके ताणून उघडलेले की कुणी पापण्या बोटांनी धरून ठेवल्यात असं वाटावं.

“बाई, किती घाबरल्यात वो. दुसरा न्हाई का एखादा?”

“दुसरा कुठला?” गेणभाऊ हसले. “ती फोटूला उभीच ऱ्हायची न्हाई. पोरांनी मोबाइल काढला की पदर घ्यायची तोंडावर. माजं डोळं मिटत्यात म्हणायची, उगं तुमचा फोटू वाया जाईल. ह्या कार्डाला इलाज नव्हता, तवा ही अशी बसली. डोळ्यांतून पाणी आलं, पर पापणी लवून दिली न्हाई. तिथली पोरं लई हसली.”

“पण मिटत्यात असं त्यांना सांगितलं कुणी?”

“ह्यांनीच की.” गेणभाऊंनी गोकुळभाऊंकडे बोट केलं. त्या बोटात राग नव्हता, जुनी ओळख होती. “नानांच्या लेकीच्या, मोहिनीच्या लग्नात आमचा दोघांचा काढला व्हता, नवरा-नवरीच्या बाजूला. मागायला आलो तर म्हणले, बाईनी ऐन टायमाला डोळं मिटलं, फोटू टाकून द्यावा लागला. मी तर तिला तवापासनं झाकणी म्हणायचो. सगळी वाडीच म्हणायची, झाकणी आली, झाकणी गेली.”

गोकुळभाऊंच्या हातात एक चांदीचा ठोकळा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

“ह्यो काय, नवीन कॅमेरा?” गेणभाऊंनी वाकून पाहिलं आणि नकळत टोपी सारखी केली. “फोटू निघतो ह्यातून?”

“न्हाई. खटका वाजतो नुसता. अजून पुरा व्हायचाय.”

“मंग कशापायी बांधताय?”

“बोटांसाठी. डाक्टरीन बाईंनी सांगितलंय.”

“बोटांसाठी तर आखाडात आमच्याकडं या. भात लावायला माणूस मिळत न्हाई.” गेणभाऊ आपल्याच बोलण्यावर हसले, चहा प्याले आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणून गेले.

मोहिनीच्या लग्नाचा तो क्षण गोकुळभाऊंना आठवत नव्हता. मांडव आठवत होता, रखमाजीनानांचा फेटा आठवत होता. त्या दोघांसाठी त्यांनी बटण दाबलं होतं हे त्यांना ठाऊक होतं, पण चेहरे दिसत नव्हते. दिसत होता तो नंतरचा बाजाराचा दिवस. हीच काच, हाच काउंटर. आल्बम नानांकडे पोचवून झाला होता. गेणभाऊ आणि सोनीबाई समोर उभे, बाजाराची पिशवी पायाशी. ते दोघं विचारायला येतील हे गोकुळभाऊंच्या ध्यानीमनीही नव्हतं. रोल खराब झाला म्हणावं, तर बाकीचे फोटो मळ्यात सगळ्यांनी पाहिले होते. म्हणून पहिलं जे तोंडाला आलं ते त्यांनी सांगितलं. सोनीबाईंनी पदर ओठांना लावला होता. लई उजेड पडला वो, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि मग, हळूच, नवऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, त्यांनी विचारलं होतं: “तुमचा रोल वाया गेला का वो माज्यापायी?”

जाऊ द्या बाई, व्हतं असं, असं गोकुळभाऊंनी मोठ्या मनाने उत्तर दिलं होतं.

ते उत्तर आठवलं की त्यांना बसल्या जागी कसंतरी व्हायचं. त्या आठवड्यात कॅमेऱ्याचं पुढचं तोंड झालं. दोन भिंगं, एकाखाली एक. आतून एक रबर ओढून घेऊन बाजूच्या दांडीला अडकवायचं होतं. दांडी खाली केली की खटका. रबर अडकवायला डाव्या हाताची मदत घ्यावी लागली. खटका वाजला, अगदी खऱ्यासारखा. साधनाताई काउंटरवरून म्हणाल्या, “वा, आता माजा एक काढा.” एरवी ते हसले असते. त्यांनी दांडीवरचा हात काढून घेतला.

दुपारी पेठ सुनी झाल्यावर त्यांनी साधनाताईंना रिकाम्या फ्लॅशचं आणि काउंटरवरच्या खोट्याचं सांगितलं. साधनाताई लॅमिनेशनच्या कडा कापत होत्या. कापायच्या थांबल्या नाहीत.

“मला वाटलंच काहीतरी हाय. जेवणावर लक्ष न्हाई तुमचं.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “पण आता सांगून काय करणार? ती बाई गेली. ह्या माणसाला उगं ताप. फोटो चांगला करून द्या, फ्रेम आपल्याकडून घाला. झालं.”

“त्येला झालं म्हणायचं?”

“मग काय म्हणायचं ते तुमी बघा.”

तरीही साधनाताईंनी आपल्या परीने मदत केली. फोटो मोबाइलवर घेतला, चेहरा सुधारून देणाऱ्या कसल्याशा ॲपमध्ये टाकला, आणि सोनीबाईंचे डोळे निवले. पापण्या किंचित खाली आल्या, आठ्या गेल्या, ओठांवर हसू येतंय असं वाटू लागलं. “बघा, किती शांत दिसत्यात,” साधनाताई म्हणाल्या. गोकुळभाऊंनी पाहिलं. खरंच छान दिसत होतं. आणि ते नजरेसमोर धरवत नव्हतं. सोनीबाईंच्या चेहऱ्यावरचं जे पुसलं गेलं होतं, ते गोकुळभाऊंनीच तिथे आणलेलं होतं. आता तेच ते पुसून टाकत होते, आणि त्याबद्दल गेणभाऊ त्यांचे आभार मानणार होते.

त्यांनी दोन्ही फोटो छापले. एक सुधारलेला, एक जसाच्या तसा.

गेणभाऊ ठरल्याप्रमाणे आले. साधनाताईंनी सुधारलेला फोटो आधी पुढे केला. गेणभाऊंनी तो उजेडाला नेला, लांब धरला, जवळ धरला.

“ब्येस केलाय. पर ह्यी जरा परक्या घरची वाटती.” मग त्यांनी दुसरा उचलला. “ह्योच द्या, ताई. डोळं उघडंच ऱ्हाऊ द्या. लई कष्टानं उघडं धरलेत तिनं.”

गोकुळभाऊ खुर्चीतून उठले. “गेणभाऊ, जरा बसा. एक सांगायचंय.”

“सांगा की.”

त्यांनी ठोकळ्यांचा कॅमेरा पुढे ओढला आणि दांडी दाबली. खटका वाजला.

“ह्यात फोटू निघाला का?”

“न्हाई. तुमीच म्हणला व्हता, आवाज नुसता.”

“तुमच्या येळेला असंच केलं मी. आवाजाऐवजी उजेड. फ्लॅश पाडला, फोटू काढलाच न्हाई. सोनीबाईंनी डोळं मिटलं म्हणलो त्ये रचून सांगितलं.”

गेणभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. आधी त्यांना ती चेष्टाच वाटली असावी.

“रोल संपला व्हता का?”

“न्हाई. शिल्लक व्हता.”

“मंग?”

गोकुळभाऊंनी साधनाताईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून उभ्या होत्या. “तुमी मळ्यातली माणसं. आल्बम नानांचा. म्हणलं, तुमचा फोटू कोण बघतंय.”

बाहेरून उसाची ट्रॉली गेली. स्टुडिओची काच थरथरली आणि थांबली. गेणभाऊ फोटोकडे बघत होते.

“म्हंजी तिचं डोळं उघडं व्हतं.”

हा प्रश्न होता की नाही ते कळत नव्हतं. व्हय म्हणणं सोपं होतं. ते ऐकून गेणभाऊंना बरं वाटलं असतं, आणि व्हय हा शब्द गोकुळभाऊंच्या ओठांपर्यंत आलाही होता.

“मला म्हाईत न्हाई,” ते म्हणाले. “मी बघितलंच नव्हतं त्यांच्याकडं. कॅमेरा डोळ्याला लावला व्हता, पर बघत दुसरीकडंच व्हतो.”

गेणभाऊंनी फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. “मी तिला चारचौघांत झाकणी म्हणायचो,” ते म्हणाले. “लेकाच्या लग्नात सगळी उभी ऱ्हायली फोटूला, ह्यी भांडी घाशीत बसली. मीच म्हणलो, ऱ्हाऊ द्या तिला.”

माफी मागायची असं गोकुळभाऊंनी ठरवलं होतं, वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण गेणभाऊंच्या समोर ते वाक्य आता फार लहान पडत होतं.

“आसं करा,” गेणभाऊ उठत म्हणाले. “वर्षश्राद्धाला या. भावकी येती, माजी भन साळूबाई येती, पोरं असत्यात. ह्ये समदं तिथं सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारा आता बायकोची बाजू घ्यायला लागला. तुमी सांगा, तुमच्या तोंडानं.”

“अहो, ह्यांची तब्येत,” साधनाताई म्हणाल्या.

“एष्टी वाडीखालपतोर येती, ताई. वर जाया पाच-सा पायऱ्याच हाईत.”

“येतो,” गोकुळभाऊ म्हणाले.

फोटोची फ्रेम गेणभाऊंनी तिथून घेतली नाही. नुसता फोटो गुंडाळून नेला.

नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशा एसट्या बदलत गोकुळभाऊ आणि साधनाताई फाल्गुनात वाडीवर गेले. वाटेत साधनाताई एकदाच म्हणाल्या, “थोडक्यात सांगा. रडू नका तिथं.” धरणाचं पाणी उतरलं होतं, काठाच्या उघड्या मातीत कुणी कुणी वाल पेरला होता. घराच्या पडवीत पाटावर सोनीबाईंचा फोटो होता. फ्रेम घोडेगावहून केली असावी. त्या फ्रेममधून त्यांचे ताणलेले डोळे आल्यागेल्या प्रत्येकाकडे बघत होते, आणि येणारी माणसं नमस्कार करताना जरा थबकत होती.

कावळ्याने घास घेतल्यावर, पंगत बसायच्या आधी, गेणभाऊंनी सगळ्यांना पडवीत बोलावलं. “ह्ये राजुरीचं फोटूवालं. ह्यांना काय सांगायचंय त्ये ऐका.”

गोकुळभाऊंनी उभं राहून सांगितलं. रिकामा फ्लॅश म्हणजे काय, इथपासून सांगावं लागलं, कारण तरुण मुलांना रोल माहीत नव्हता. बटण, उजेड, नंतर काउंटरवर सांगितलेलं खोटं. सोनीबाईंनी विचारलेला प्रश्नही त्यांनी सांगितला, आणि त्याला आपण दिलेलं उत्तरही. ते उत्तर साधनाताईही पहिल्यांदाच ऐकत होत्या.

“मंग आताच कसं आलं ध्यानात?” एका पुतण्याने मागून विचारलं. “ती जिती असताना राजुरी लांब व्हती का?”

“ध्यानातच नव्हतं माज्या,” गोकुळभाऊ म्हणाले. “आन आजबी गेणभाऊंनी बोलावलं म्हणून आलोय. आपणहून आलो नसतो.”

साळूबाई, गेणभाऊंची थोरली बहीण, खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या गोकुळभाऊंकडे बघत नव्हत्या. “मी तिला गवरीच्या टायमाला हाताला धरून उठवली व्हती फोटूतनं,” त्या कुणाला उद्देशून नाही अशा बोलल्या. “म्हणलं, तू सरक, तुजं डोळं मिटत्यात. ती हसत सरकली.”

पोरं पत्रावळी मांडू लागली. गोकुळभाऊंना वाटलं, आपल्याला आता जायला सांगतील. पण त्यांना पंगतीत जागा दाखवली गेली. भात वाढायला गेणभाऊ स्वतः होते. इतरांच्या पानावर जेवढा वाढला तेवढाच त्यांनी गोकुळभाऊंच्या पानावर वाढला, वरण घातलं आणि पुढे सरकले. गोकुळभाऊंनी पानातलं सगळं संपवलं.

श्राद्धाच्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत. घरचेही पुन्हा या म्हणत नाहीत. माणूस जेवतो, हात धुतो आणि उठून चालू लागतो. गोकुळभाऊंनी चपला घातल्या तेव्हा गेणभाऊ ओट्याच्या कडेला उभे होते, हातात पाण्याचा तांब्या. दोघांची नजर क्षणभर मिळाली. मग गेणभाऊ दुसऱ्या पाहुण्याच्या हातावर पाणी घालायला वळले.

खालच्या रस्त्यावर एसटीची वाट बघताना साधनाताईंनी विचारलं, “काय म्हणाले निघताना?”

“काही न्हाई.”

“रीतच हाय ती. मला बी कोण काय बोललं न्हाई.”

“व्हय,” गोकुळभाऊ म्हणाले. रीत होती हे त्यांनाही ठाऊक होतं. पण रीत नसती तरी गेणभाऊंनी पुन्हा या म्हटलं असतं की नाही, हे आता त्यांना कधीच कळणार नव्हतं, आणि ते विचारायला परत वर चढून जाण्याचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटत नव्हतं. एसटी आली. साधनाताईंनी त्यांना दंडाला धरून वर चढवलं.